विनाव्हिसा देश : तिकीट काढण्याआधी घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर मांडा

लालबागची_लेक | ६ डिसेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. आमच्यावर जी वेळ आली ती आणखी कुणावर येऊ नये, एवढंच मनात आहे.

१२ नोव्हेंबरच्या पहाटेच्या विमानाने आम्ही सहा जण क्वालालंपूरला निघालो होतो. आई, मावशी, दादा, मी, नवरा आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली आहे. टूरवाला म्हणाला, "व्हिसाची कटकट नाही, फक्त पासपोर्ट आणा." आम्ही पासपोर्ट घेऊन गेलो. एकमेकांचे उघडून कुणीच बघितले नाहीत.

मावशी माझ्या आईपेक्षा बरीच धाकटी, ५२ वर्षांची. गेली वीस वर्षं चाळीत पोळीभाजीचे डबे करते. विमानात कधी बसली नव्हती. पासपोर्ट मात्र २०१६ साली काढून ठेवला होता, कारण तेव्हा मस्कतला असलेल्या नात्यातल्या एकाने बोलावलं होतं. ते जाणं राहून गेलं आणि पासपोर्ट कपाटात साड्यांखाली दहा वर्षं कोरा पडून राहिला.

मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलला काउंटरवरच्या मुलीने तो उघडला, फोटोचं पान बघितलं आणि बोटाच्या पेरांवर महिने मोजायला लागली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. एप्रिलपाशी तिचा अंगठा थांबला. मुदत होती २४ एप्रिल २०२६ पर्यंत. मलेशियात उतराल त्या दिवसापासून पासपोर्ट किमान सहा महिने चालू लागतो, म्हणजे १२ मेपर्यंत. अठरा दिवस कमी पडले.

आम्ही विनवण्या केल्या. तिच्या वरिष्ठांनीही पुन्हा संगणकावर बघितलं आणि नाहीच म्हणाले. पट्ट्यावर चढवलेली मावशीची बॅग खाली उतरवली. बॅगेत चकल्यांचा स्टीलचा डबा होता, तो तिने तिथेच बॅग उघडून काढला आणि माझ्या मुलाच्या हातात दिला. "तुम्ही जा गं, पोराचा हिरमोड नको," म्हणाली. दादा तिला टॅक्सीने घरी घेऊन गेला. आम्ही चौघं पुढे गेलो. पाच दिवस जिथे जिथे काही चांगलं बघितलं तिथे तिथे आई म्हणायची, "हे तिला दाखवायचं होतं."

म्हणून विचारते. "व्हिसा लागत नाही" म्हणजे मग नक्की काय काय लागतं? ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा, ज्यांना अनुभव आला त्यांनीही लिहा.

---

तिकीटखिडकी_दादर | ६ डिसेंबर, रात्री ११:५५

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी बावीस वर्षं तिकिटांच्या धंद्यात आहे, म्हणून आधी हे सांगतो की चूक तुमच्यापेक्षा तिकीट विकणाऱ्याची जास्त आहे. पासपोर्टची प्रत मागवून मुदत बघणं हे आमचं पहिलं काम. माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की मी भाडं नंतर सांगतो, पासपोर्ट आधी बघतो.

आता काउंटरवर काय घडतं ते समजून घ्या. विमान कंपन्यांकडे 'टिमॅटिक' नावाची प्रणाली असते. तुमचं नागरिकत्व, कुठे चाललात, मध्ये कुठे उतरणार, पासपोर्ट कधी संपतो हे त्यात टाकलं की जाऊ द्यायचं की नाही ते समोर येतं. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर तिथलं सरकार कंपनीला दंड लावतं आणि त्याला परत आणायचा भारही कंपनीवर टाकतं. त्यामुळे काउंटरवरची मुलगी स्वतःच्या जबाबदारीवर अठरा दिवस सोडू शकत नाही. तिला दया आली असेल तरी नाही.

व्हिसा काढायचा असतो तेव्हा बँकेचे कागद, हॉटेल, परतीचं तिकीट हे सगळं दूतावास महिनाभर आधी बघून घेतो. काही चुकलं तर तुम्ही घरी असता, दुरुस्त करता येतं. विनाव्हिसा देशात हीच तपासणी रात्री दोन वाजता काउंटरवर होते आणि उरलेली तिथल्या इमिग्रेशनच्या खिडकीशी. तिथे चुकलं तर दुरुस्तीला वेळच नसतो. विनाव्हिसा जाताना कागदपत्रांची जास्त काळजी घ्या असं मी म्हणतो ते यासाठी.

दुसरं म्हणजे आपल्याकडे चार वेगवेगळ्या गोष्टींना सरसकट 'व्हिसा-फ्री' म्हणतात आणि तिथून निम्मे घोळ सुरू होतात. थायलंड, मलेशिया, मॉरिशस, कझाकस्तान हे खरोखर विनाव्हिसा. इंडोनेशिया ऑन-अरायव्हल : बालीला उतरल्यावर ५ लाख रुपिया भरून व्हिसा घ्यावा लागतो. मार्च २०२० पर्यंत तिथे भारतीयांना फुकट प्रवेश होता, त्यामुळे जुने लोक अजून "बालीला काही लागत नाही" असं सांगतात. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बालीचा दीड लाख रुपियाचा वेगळा पर्यटक कर आहे. मालदीवमध्येही ऑन-अरायव्हल, पण फुकट. व्हिएतनामला ई-व्हिसा, म्हणजे घरूनच अर्ज, एका प्रवेशाचे २५ डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. फक्त फू क्वोक बेटावर बाहेरून थेट गेलात आणि तिथेच राहिलात तर ३० दिवस व्हिसा लागत नाही.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा, पूर्वपरवानगीचा. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा रद्द केला, बातम्या झळकल्या, पण त्याजागी ३० डॉलरची ऑनलाइन परवानगी आली. ती नसेल तर विमानात चढता येत नाही. हाँगकाँगला पूर्वी आपण नुसते जायचो. जानेवारी २०१७ पासून आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, पण नामंजूर होऊ शकते. आधी नोंदणी, मग तिकीट, हा क्रम पाळा.

---

मुलुंडची_मीनल | ७ डिसेंबर, सकाळी ८:१०

वाचनखूण साठवली. लालबागची_लेक, मावशींचा डबा वाचून भरून आलं.

माझा प्रश्न. मार्चमध्ये आईबाबांना काठमांडूला पाठवायचंय, पशुपतिनाथाला. बाबा ७०, आई ६३. पासपोर्ट दोघांचेही नाहीत. ओळखीतले म्हणाले नेपाळला आधार कार्ड चालतं. चालतं ना?

---

सह्यभटक्या | ७ डिसेंबर, सकाळी ९:२५

मीनलताई, बाबांना चालेल, आईंना नाही. एकाच घरात असं होऊ शकतं म्हणून नीट सांगतो.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, १९५० च्या मैत्री करारापासून ये-जा मोकळी आहे. पण विमानाने जाताना आपण भारतीय आहोत हे दाखवावं लागतं आणि त्यासाठी चालू पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधार हे रहिवासाचं ओळखपत्र आहे, नागरिकत्वाचं नव्हे. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांना यातून सूट आहे. त्यांनी वय आणि ओळख पटेल असं फोटोचं कार्ड दाखवलं की झालं, मग ते आधार असो, पॅन असो की वाहन परवाना. बाबा ७० चे, ते सुटले. आई ६३ च्या, त्यांना मतदार कार्ड लागणार.

आणि ते कार्ड आत्ताच काढून बघा. माझ्या काकूचं मतदार कार्ड वेंगुर्ल्याच्या पत्त्यावर, माहेरच्या नावाने निघालं. तिकीट सासरच्या नावाने. आम्हाला नशिबाने दोन महिने आधी कळलं. नाव दुरुस्तीला जाईल तेवढा वेळ हाताशी ठेवा.

भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. व्हिसा नाही, पण प्रवेश परवाना काढावा लागतो आणि सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांनाही माणशी दर रात्री १२०० रुपये शुल्क आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. चार जणांच्या कुटुंबाने सहा रात्रींचा हिशोब केला की कळतं, विनाव्हिसा आणि विनाखर्च या निराळ्या गोष्टी आहेत. मी तरीही म्हणेन, जा. तो पैसा ते लोक जंगलं आणि गावं सांभाळायला वापरतात आणि तिथे पोचल्यावर ते दिसतं.

---

मुलुंडची_मीनल | ७ डिसेंबर, सकाळी ९:४०

बापरे. आत्ता कपाट उघडलं. आईचं मतदार कार्डच सापडत नाहीये. आज हेच काम. खूप खूप आभार.

---

वरळी_सीफेस | ७ डिसेंबर, दुपारी १:०५

मला वाटतं धाग्यात जरा जास्त भीती घातली जातेय. मी थायलंडला नऊ वेळा गेलोय. पूर्वी उतरल्यावर २००० बाहत भरून शिक्का घ्यायचो, नोव्हेंबर २०२३ पासून तेही बंद झालं, जुलै २०२४ पासून तर ६० दिवस मिळतात. हॉटेल, पैसे, परतीचं तिकीट, यातलं काहीही मला कधी कुणी विचारलं नाही. लोकांना जाऊ द्या हो. मुदतीचा मुद्दा मान्य.

---

कल्याण_पूर्व | ७ डिसेंबर, दुपारी ३:३०

वरळीकर दादा, तुमच्या पासपोर्टवर नऊ शिक्के आहेत, वय-नोकरी स्थिर असेल, म्हणून विचारलं नसेल. बावीस-पंचवीस वर्षांचा एकटा मुलगा कोरा पासपोर्ट घेऊन जातो तेव्हा त्याला विचारतात, आणि विचारायलाच हवं असं मी आता ठामपणे म्हणतो. कारण सांगतो.

आमच्या इमारतीतला एक मुलगा. बी.कॉम., वर्षभर नोकरी नव्हती. टेलिग्रामवर कुणीतरी भेटलं, 'बँकॉकला डेटा एंट्री, महिना ऐंशी हजार, राहणं-खाणं फुकट'. मुलाखत व्हिडिओवर. तिकीटही त्यांनीच पाठवलं. व्हिसाचं विचारलं तर म्हणाले, "लागत नाही, टुरिस्ट म्हणून ये, इथे आल्यावर कागद करू." त्याच्या आईने देवापुढे पेढे ठेवले होते.

विमानतळावर आपल्याच इमिग्रेशनच्या साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. हॉटेल कुठलं? माहीत नाही. परतीचं तिकीट? नाही. सोबत पैसे किती? चार हजार रुपये. कुणाकडे चाललास? फोनवर एक नाव, आडनाव नाही. अर्धा तास बोलून साहेबांनी त्याला परत पाठवलं. तो दोन दिवस घरात रडत होता, बाप साहेबांच्या नावाने बोटं मोडत होता. पुढे मार्च २०२५ मध्ये बातमी आली. म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सोडवलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडच्या माए सॉटहून हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. त्यातले कितीतरी असेच, थायलंडमध्ये नोकरी म्हणून गेलेले. ती बातमी त्याच्या वडिलांनी माझ्या घरी बसून बघितली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

इराणचंही तेच झालं. फेब्रुवारी २०२४ पासून त्यांनी विमानाने येणाऱ्या भारतीय पर्यटकांना १५ दिवस विनाव्हिसा प्रवेश दिला होता. दलालांनी नोकरीचं, पुढच्या देशात पोचवण्याचं आमिष दाखवून माणसं तिथे नेली आणि काहींना डांबून घरच्यांकडे खंडणी मागितली गेली. गेल्या महिन्यात, २२ नोव्हेंबरपासून, इराणने ती सवलत स्थगित केली. आता तिथून नुसतं पुढे जायचं असलं तरी व्हिसा हवा.

पर्यटक म्हणून मिळालेल्या विनाव्हिसा प्रवेशावर नोकरी करता येत नाही. कुणी म्हणालं "टुरिस्ट म्हणून ये, मग बघू" तर तिथेच थांबा. परदेशी नोकरीसाठी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, आधी तिथे नाव बघा. आपल्या ओळखीत कुणी मुलगा-मुलगी असं निघालं असेल तर कृपया आजच बोला त्याच्याशी.

---

वरळी_सीफेस | ७ डिसेंबर, दुपारी ४:१५

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझा शब्द मागे घेतो. माझा भाचा पुढच्या महिन्यात एकटा फुकेतला चाललाय, त्याला हा धागा पाठवला.

---

अनघा_बोरिवली | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७:५०

भाच्यासाठी एक भर. मी ऑगस्टमध्ये एकटी फिलिपिन्सला गेले होते. ८ जून २०२५ पासून आपल्याला तिथे पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, युरोपातले शेंगेन देश, सिंगापूर किंवा ब्रिटनचा चालू व्हिसा वा तिथला रहिवास असेल तर ३० दिवस.

मनिलाच्या खिडकीवरच्या बाईंनी मला हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि खर्चाची सोय, तिन्ही मागितलं. माझ्याकडे सगळं फोनमध्ये होतं आणि फोनला तिथे रेंज नव्हती. मागे शंभर माणसं. ई-मेल उघडेना. शेवटी पाकिटात घडी करून ठेवलेली परतीच्या तिकिटाची छापील प्रत सापडली, आईने जबरदस्तीने ठेवायला लावलेली. त्यावर काम भागलं. तेव्हापासून मी सगळं कागदावर छापून नेते. दहा रुपयांचं झेरॉक्सचं काम आहे.

१४ दिवस म्हणजे १४ च, वाढवून मिळत नाहीत. मी १२ दिवसांचा बेत केला होता, कारण ऑगस्टमध्ये तिथे वादळं येतात आणि बेटांवरच्या बोटी बंद पडतात. माझा एक दिवस खरंच गेला. मुदतीला घासून परतीचं तिकीट काढू नका. थायलंडमध्ये मुदत उलटली की दिवसाला ५०० बाहत दंड लागतो, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत, आणि पासपोर्टवर डाग राहतो तो वेगळाच.

---

पार्लेकर_आजोबा | ८ डिसेंबर, सकाळी ६:२०

सर्वांचे प्रतिसाद वाचले. तरुण मंडळी इतक्या आपुलकीने माहिती देत आहेत याचे समाधान वाटले.

माझा अनुभव मॉरिशसचा आहे. मी व सौ. २०१९ साली गेलो. मॉरिशसला आपल्याला व्हिसा लागत नाही, परंतु परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. आम्ही हॉटेलात न राहता एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे उतरणार होतो. होय, तिथे मराठी माणसे आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी गेलेल्यांचे ते वंशज. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

खिडकीवरील अधिकाऱ्याने विचारले, "कुठे राहणार?" मी कुटुंबाचे नाव सांगितले, पण गावाचा पूर्ण पत्ता माझ्याजवळ नव्हता. त्याने आम्हाला शेजारच्या बाकावर बसविले. शेवटी त्या कुटुंबातील गृहस्थांना बाहेरून फोन लावण्यात आला, त्यांनी पत्ता सांगितला आणि मग शिक्का मिळाला. सौ.चा रक्तदाब वाढला होता. ज्यांच्याकडे उतरायचे आहे त्यांचा पूर्ण पत्ता, दूरध्वनी आणि त्यांनी दिलेले साधे निमंत्रणपत्र जवळ ठेवावे.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी आरती झाली. घरातील पाचवीतला मुलगा आमच्याशी फ्रेंच मिसळलेल्या क्रिओल भाषेत बोलत होता, आणि आरती मात्र अथपासून इतिपर्यंत मराठीत, एकही शब्द न चुकता. तो क्षण आठवला की अजून अंगावर काटा येतो. तुम्ही सर्वांनी जरूर जावे.

---

लालबागची_लेक | ८ डिसेंबर, सकाळी ९:००

आजोबा, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, पुढच्या वेळी मॉरिशस.

आणखी एक विचारायचं राहिलं. मावशीच्या जुन्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का आहे. ती सातवीपर्यंत शिकलीय. त्याने पुढे अडेल का?

---

तिकीटखिडकी_दादर | ८ डिसेंबर, सकाळी १०:३०

महत्त्वाचा प्रश्न. ईसीआर म्हणजे कामासाठी ठरावीक देशांत जाताना सरकारची मंजुरी लागते असा पासपोर्ट. १९८३ च्या स्थलांतर कायद्यातून आलेली तरतूद आहे, कमी शिकलेल्या कामगारांची परदेशात फसवणूक होऊ नये म्हणून. त्या देशांच्या यादीत आखाती देश तर आहेतच, पण मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशियाही आहेत. हे पुष्कळ पर्यटकांना ठाऊक नसतं. फिरायला जाणाऱ्याला ती मंजुरी लागत नाही, पण ईसीआर दिसला की आपल्याकडचे अधिकारी जास्त बारकाईने बघतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलचे कागद हातात हवेतच.

तुमच्या मावशींना मात्र आता काळजी नको. दहावी पास झालेल्यांना ईसीआर लागत नाही, तसाच पन्नाशी ओलांडलेल्यांनाही लागत नाही. जुना पासपोर्ट काढला तेव्हा त्या ४२ च्या होत्या. आता ५२ च्या आहेत. नूतनीकरणाचा अर्ज करताना तो रकाना नीट भरा, नव्या पासपोर्टवर शिक्का येणार नाही. आणि मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबायचं कारणच नाही. साध्या अर्जाचे १५०० रुपये, तत्काळला वर २०००.

पासपोर्टची अवस्थाही बघा. कडेला फाटलेला, पानं सुटलेली, पावसात भिजून शाई पसरलेला पासपोर्ट काउंटरवर नाकारला जातो. आपल्या मुंबईच्या दमट हवेत तर प्लास्टिकच्या कव्हरात पानं एकमेकांना चिकटतात. वर्षातून दोनदा काढून हवा दाखवा.

---

नेटकी_नेहा | ८ डिसेंबर, दुपारी १२:१५

अर्जांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. विनाव्हिसा असलं तरी आता बहुतेक ठिकाणी आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. मलेशियाचा आणि थायलंडचा (हा १ मे २०२५ पासून सक्तीचा) पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. फिलिपिन्सचा ७२ तासांत. मालदीवचा ९६ तासांत. चारही फुकट आहेत.

फुकट हा शब्द लक्षात ठेवा, कारण गूगलवर शोधलं की वरती जाहिरातीत हुबेहूब सरकारी दिसणारी पानं येतात आणि माणशी दोन-तीन हजार मागतात. माझ्या सासऱ्यांनी चौघांचे साडेआठ हजार भरले. पैसे गेलेच, शिवाय पासपोर्टचे फोटो कुणा अनोळखी माणसाकडे गेले याची रुखरुख अजून आहे. थायलंडचा खरा पत्ता 'गो डॉट टीएच' ने संपतो, मलेशियाचा 'गव्ह डॉट एमवाय' ने. शेवट तसा नसेल तर पान बंद करा.

फॉर्म भरताना नाव पासपोर्टवर आहे तस्संच. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या नावात असतं, ते कधी पहिल्या नावाच्या रकान्यात छापलेलं असतं, कधी नसतंच. तिकिटावर एक, फॉर्मवर दुसरं असं करू नका. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांनी तर तिकीट काढण्याआधीच चौकशी करावी. संयुक्त अरब अमिरातीत नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना पर्यटक म्हणून प्रवेश मिळत नाही.

---

सह्यभटक्या | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

नियम कधी बघायचे याबद्दल दोन शब्द. एकदा तिकिटाआधी, एकदा निघायच्या तीन-चार दिवस आधी, आणि दोन्ही वेळा त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर. माझा मित्र सर्बियाला जायचं म्हणून २०२२ मध्ये पैसे साठवत होता, कारण तिथे भारतीयांना ३० दिवस विनाव्हिसा मिळायचे. १ जानेवारी २०२३ पासून ते बंद झालं. त्याचं तिकीट फेब्रुवारीचं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबून बेत आखू नका, या धाग्यावरही नाही. आज डिसेंबर २०२५ मध्ये जे खरं आहे तेच इथे लिहिलंय.

मी स्वतः एप्रिलमध्ये अल्माटीला चाललोय. कझाकस्तानात जुलै २०२२ पासून १४ दिवस विनाव्हिसा, आणि १८० दिवसांत मिळून ४२ पेक्षा जास्त नाही. परत आलो की डोंगरांबद्दल वेगळा धागा काढेन.

---

मुलुंडची_मीनल | १२ डिसेंबर, रात्री ८:४५

आईचं मतदार कार्ड सापडलं! गोदरेजच्या कपाटाच्या लॉकरमध्ये, लग्नाच्या फोटोंखाली. नाव बरोबर आहे. काठमांडूची तिकिटं काढली. सह्यभटक्या, तुमचे उपकार आहेत.

---

लालबागची_लेक | १० जानेवारी २०२६, रात्री ९:१५

सगळ्यांना सांगायला आले. मावशीचा नवा पासपोर्ट आज दुपारी पोस्टाने आला. पोस्टमनने सही तिचीच हवी म्हटलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. पिठाचे हात धुऊन, पदराला पुसून, मग सही केली.

संध्याकाळी मी गेले तर पासपोर्ट देवघरात होता. मी पानं चाळली, ईसीआरचा शिक्का नाही. मावशीने चष्मा लावला, मुदतीच्या तारखेवर बोट ठेवलं आणि जानेवारी २०३६ असं दोनदा वाचलं. मग माझ्याकडून सगळ्यांचे पासपोर्ट मागवून घेतले. आईचा, दादाचा, आमच्या तिघांचे, सहाही जमिनीवर ओळीने मांडले आणि प्रत्येकाची तारीख डब्यांच्या हिशोबाच्या वहीत लिहून ठेवली. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, त्याचा या ऑक्टोबरला संपतोय हे तिच्यामुळेच कळलं. त्याच्या अर्जाची तारीख घेऊन टाकलीय. तो आला की मेच्या सुट्टीत क्वालालंपूर. या वेळी मावशीला खिडकीची जागा आधीच राखून ठेवणार आहे.